आधी अनुज्ञा, मग यंत्र

भूमीच्या उदरात दडलेल्या धनाविषयी आपल्या समाजात जे पिढीजात समज रूढ आहेत, ते सगळे एकत्र केले तर त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथ होईल. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे त्यास पुरलेला हंडा दिसतो, त्या हंड्यावर कोणा पूर्वजाचा नाग पहारा करीत असतो, अमावास्येस ठरावीक विधी केल्याखेरीज तो हाती लागत नाही आणि लागला तरी कुळास सोसत नाही, या कल्पना खेड्यापाड्यांतून अद्यापि निःशेष झालेल्या नाहीत. आणि त्यांच्या पायी घडणारी अघोरी कृत्ये इतकी उघड होती की, २०१३ साली नरबळी व जादूटोणा यांच्या प्रतिबंधार्थ महाराष्ट्रास जो कायदा करावा लागला, त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या शोधार्थ केल्या जाणाऱ्या अमानुष प्रकारांचा निराळा उल्लेख करणे भाग पडले. अशा वातावरणात वाढलेल्या वाचकाच्या हाती धातुशोधक यंत्र घेऊन रानोमाळ हिंडण्याच्या छंदाविषयीचे मराठी पुस्तक पडले, तर हा गुप्तधनाचाच नवा, विजेवर चालणारा मंत्र असावा, असा संशय त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो संशय दूर करणे हे प्रस्तावना लिहिणाराचे पहिले कर्तव्य होय.

प्रस्तुत ग्रंथाचे कर्ते उद्योगानिमित्त इंग्लंडात स्थायिक झालेले आहेत, आणि त्यांचा विषय इंग्लंड व वेल्स या दोन प्रांतांपुरता मर्यादित आहे. ही मर्यादा त्यांनी बुद्ध्याच घालून घेतली आहे; कारण या छंदात यंत्राचे गुणधर्म सर्व देशांत एकच असले तरी कायदा दर सरहद्दीला बदलतो, आणि एका मुलखात जो सद्गृहस्थाचा विरंगुळा तो दुसऱ्या मुलखात फौजदारी गुन्हा ठरतो. स्कॉटलंडात सापडलेली प्रत्येक पुराणवस्तू राजसत्तेच्या मालकीची मानली जाते. उत्तर आयर्लंडात पुराणवस्तूंसाठी परवान्यावाचून कुदळ मारता येत नाही. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात १९८७ च्या कायद्यान्वये पुराणवस्तूंच्या शोधार्थ यंत्र चालविण्यासच सरकारी संमती लागते. फ्रान्सात प्रीफेक्ट या सरकारी अधिकाऱ्याची आज्ञा घ्यावी लागते. उलटपक्षी डेन्मार्कात शासन या छंदिष्टांना आपले साहाय्यक समजून वागविते. इंग्लंडाने या दोन टोकांच्या मधला जो मार्ग काढला, तो कसा निघाला हे समजल्याशिवाय नवशिक्यास त्या देशात एक पाऊलही शहाणपणाने टाकता येणार नाही.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी एक विद्युत्-तुला रचली. प्रयोग फसला, वैद्यांनी त्यांना फक्त उजवी बाजू तपासू दिली, गोळी डावीकडे होती, आणि पलंगाच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांमुळे यंत्र भलतीच ग्वाही देत राहिले. यंत्र खोटे बोलले नाही, त्याने पलंगाची खबर दिली, इतकेच. आणि हा धडा आजच्या नवशिक्यासही पाठ करण्याजोगा आहे. पुढे गेर्हार्ड फिशर नामक जर्मन वंशाच्या अभियंत्याने विमानांच्या दिशादर्शक यंत्रणेत धातूमुळे येणाऱ्या त्रुटींचा विचार करता करता उलटा उपयोग शोधला, व त्याला १९३७ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडात असताना भूसुरुंग शोधण्याचे जे उपकरण तयार केले, त्याचे सुमारे ५०० नग १९४२ च्या एल अलामेनच्या लढाईत उपयोगी पडले, आणि युद्ध संपल्यावर फौजेच्या मोडीत निघालेली अशी यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली. साठोत्तरी काळात ट्रान्झिस्टरने यंत्र हलके व स्वस्त केले. आजचे साधारण यंत्र वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते, त्यायोगे धातूत जे भोवरेप्रवाह उत्पन्न होतात त्यांचे प्रतिक्षेत्र टिपते, आणि त्या उत्तरास लागलेल्या विलंबावरून लोखंड कोणते व चांदी कोणती याचा अंदाज बांधते. अंदाजच तो, शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचा नाद इतका सारखा असतो की, कडीच्या भयाने खणायचे सोडणारा अंगठीलाही मुकतो. समुद्राच्या ओल्या, खारट वाळूत हे यंत्र गोंधळते, व तेथे स्पंदनांवर चालणारा दुसरा प्रकार वापरावा लागतो, जो धातूंची निवड जवळजवळ करीतच नाही. यंत्रांच्या नावांची व किमतींची चर्चा ग्रंथकर्त्यांनी पुष्कळ केली आहे. ती पाच वर्षांत शिळी होईल, आणि माझ्या मते ती निम्मी असती तरी चालले असते.

खरा रस पुढच्या हकिगतीत आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडात यंत्रांचा सुळसुळाट झाला, आणि पुरातत्त्वज्ञ व छंदिष्ट यांच्यात असा कज्जा जुंपला की, त्याची धग अजून पुरती विझलेली नाही. पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे असे की, वस्तूपेक्षा वस्तूचे स्थान अधिक बोलते. ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल होती हे एकदा नष्ट झाले की उरलेले नाणे केवळ बाजारातील जिन्नस होऊन बसते. छंदिष्टांचे म्हणणे असे की, नांगरटीखालच्या शेतात वस्तूंचे थर पूर्वीच विस्कटलेले आहेत, नांगर दरसाल त्यांना ठेचतो आणि खतांतील रसायने त्यांना खातात, तेव्हा त्या वर काढणे ही हानी नसून सुटका आहे. दोन्ही पक्षांत तथ्य होते, आणि म्हणूनच भांडण लांबले. १९७९ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांच्या जागी लेखी संमतीवाचून यंत्र वापरणे हा गुन्हा ठरविला. १९८० साली पुरातत्त्वसंस्थांनी या छंदाविरुद्ध मोठी मोहीम उभारली. आणि लगोलग १९८१ साली छंदिष्टांनी आपल्या बचावासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन केली.

या काळात नॉर्फक परगण्यात मात्र टोनी ग्रेगरी व बार्बरा ग्रीन या पुरातत्त्वज्ञांनी भांडणाऐवजी संभाषणाचा मार्ग धरला. छंदिष्टांच्या मंडळांत जायचे, त्यांनी आणलेल्या वस्तू ओळखून द्यायच्या, आणि त्या कोठे सापडल्या याची नोंद घ्यायची, असा तो साधा क्रम होता. परंतु त्याने एका परगण्याचा प्राचीन नकाशा बदलून टाकला. सरे परगण्यातील वॉनबरो येथे याच्या अगदी विरुद्ध घडले. तेथे एका रोमन देवालयाची जागा उजेडात येताच १९८० च्या दशकाच्या मध्यास रात्रीच्या चोरट्यांनी ती अक्षरशः लुटली, आणि आरोपी न्यायासनापुढे उभे राहिले तेव्हा जुना निधिविषयक कायदा किती पांगळा आहे हे सर्वांस दिसून आले. त्या कायद्याप्रमाणे सोने-चांदी पुरणाराने ती पुन्हा काढण्याच्या हेतूनेच पुरली होती असे सिद्ध करावे लागे. आता दीड-दोन सहस्र वर्षांपूर्वी मृत झालेल्या माणसाचा हेतू कोणत्या साक्षीदाराने सांगावा? याच अटीमुळे १९३९ साली सटन हू येथील राजनौकेतील ऐश्वर्य निधी ठरले नव्हते, कारण मृताबरोबर पुरलेले धन परत काढण्यासाठी नसतेच; ते जमीनमालकीण एडिथ प्रिटी यांचे ठरले, व त्यांनी ते उदारपणे ब्रिटिश म्युझियमला अर्पण केले. दर वेळी अशी उदार मालकीण भेटण्याचा संभव नव्हता.

म्हणून १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आला व सप्टेंबर १९९७ पासून अमलात आला. मृताच्या हेतूचा प्रश्न त्याने काढून टाकला. तीनशे वर्षांहून जुनी आणि वजनाने निदान दशांश सोने वा चांदी असलेली वस्तू, एकाच ठेव्यातील तशीच दोन किंवा अधिक नाणी, हीनधातूची असल्यास दहा, असे मोजता येण्याजोगे निकष त्याने घातले. पुढे त्यांत प्रागैतिहासिक धातुवस्तूंचे ठेवे आले, आणि २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक दृष्ट्या असामान्य अशा वस्तूही आल्या. अशी वस्तू सापडल्यापासून, किंवा ती निधी असावी असे ध्यानी आल्यापासून, चौदा दिवसांच्या आत कॉरोनर या न्यायाधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागते. संग्रहालयाने ती ठेवून घेतली तर स्वतंत्र समिती तिची किंमत ठरविते, आणि तो मोबदला प्रघाताप्रमाणे शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मेनिम्म वाटला जातो. १९९७ सालीच पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही ऐच्छिक नोंदणीची योजना सुरू झाली, आणि २००३ पर्यंत ती साऱ्या इंग्लंड-वेल्सभर पसरली. परगण्यापरगण्यांतून नेमलेले सुमारे चाळीस अधिकारी कथलाची बुतामे, मोडके काटे, झिजलेली दमडी, जे जे कोणी आणील ते पाहतात, मोजतात, छायाचित्र काढून दप्तरी लावतात व वस्तू आणणारास परत देतात. त्या दप्तरात आज पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक विद्वानांनी नव्हे तर सुट्टीच्या दिवशी शेत धुंडाळणाऱ्या सामान्य माणसांनी आणलेल्या आहेत.

या व्यवस्थेचे मर्म फ्रोमच्या ठेव्यावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. २०१० च्या एप्रिलात डेव्ह क्रिस्प यांना सॉमरसेट परगण्यातील एका शेतात मातीच्या रांजणाचे तोंड लागले, आत रोमन नाणी दिसली, आणि त्या क्षणी त्यांनी खणणे थांबवून माती परत लोटली व पुरातत्त्व विभागास कळविले. माणसाच्या आयुष्यात असा क्षण एकदा येतो, आणि तेव्हा हात आखडणे किती कठीण असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी. तज्ज्ञांनी तो रांजण थरांथरांनी उपसला. नाणी निघाली ५२,५०३. परंतु संख्येपेक्षा महत्त्वाचे हे की, सर्वांत अखेरच्या कारॉसियस या सत्ताधीशाची बहुसंख्य नाणी वर नसून निम्म्याच्याही खाली होती; म्हणजे रांजण वर्षानुवर्षे भरलेल्या बचतीचा नव्हता, तो एकाच प्रसंगी भरला गेला होता, आणि एवढा नाजूक व एवढा जड रांजण पुन्हा उचलून नेण्याचा विचार पुरणाराच्या मनात असणे अवघड होते. बहुधा ते देवतेस केलेले दान असावे, असा तर्क त्यातून निघाला. क्रिस्प यांनी दोन ओंजळी अधिक भरल्या असत्या तर हा तर्क करण्यास आधारच उरला नसता. याच्या उलट २०१५ साली हेरफर्डशरमधील लेमस्टर नगरीजवळ दोघा इसमांनी मालकाची पुरती अनुज्ञा न घेता व वर्दी न देता एक व्हायकिंगकालीन ठेवा उचलला. त्यात अंदाजे ३०० नाणी असावीत असे मानतात. त्यांपैकी थोडीच हाती लागली. वेसेक्सचा आल्फ्रेड व मर्सियाचा केऑलवुल्फ हे दोन राजे एकत्र राज्यव्यवहार करीत होते याचा पुरावा त्या थोड्या नाण्यांनी दिला. बाकीच्या नाण्यांनी आणखी काय सांगितले असते ते बाजारात विरून गेले, आणि २०१९ साली ते दोघे दीर्घ मुदतीच्या कैदेस गेले.

तेव्हा या छंदाचा पाया यंत्र नसून अनुज्ञा आहे, हेच या पुस्तकाचे सूत्र, आणि माझेही मत तेच आहे. इंग्लंडात बेवारस जमीन म्हणून नाही. गावचे कुरण, गायरान, नदीचा काठ, नगरपालिकेचा बाग, यांतील प्रत्येकास कोणी ना कोणी स्वामी आहे. आणि २००० च्या कायद्याने मोकळ्या माळरानांवर हिंडण्याचा जो हक्क प्रजेस दिला, त्यातून धातुशोधक यंत्र बाळगणाऱ्यास स्पष्ट शब्दांत वगळले आहे. फार्नम येथील सार्वजनिक उद्यानात १९९२ साली एका गृहस्थास नऊ इंच खोल मध्ययुगीन सुवर्णाचा जडावाचा बिल्ला सापडला. खालच्या कोर्टाने तो शोधणाराचा ठरविला, परंतु १९९५ साली अपील कोर्टाने निकाल फिरवून सांगितले की, भूमीच्या आत असलेली वस्तू भूमीच्या स्वामीची, आणि लोकांस मिळालेल्या करमणुकीच्या हक्कात खणण्याचा हक्क येत नाही. हा निकाल नवशिक्याने कंठस्थ करावा. शेत कुळाकडे असेल तर कुळाची व मालकाची अशी दोहोंची संमती घ्यावी, ती लेखी असावी, आणि मोबदल्याच्या वाटणीचा मजकूर पहिली वस्तू सापडण्यापूर्वीच त्या कागदात यावा. कारण सोने दृष्टीस पडल्यानंतर केलेला करार मैत्रीस फारसा मानवत नाही. त्या जमिनीत संरक्षित स्मारक आहे काय हे सरकारी यादीवरून पाहावे. निसर्गरक्षणासाठी राखलेली किंवा अनुदानाच्या अटींनी बांधलेली शेते असतात, त्यांची चौकशी मालकाकडेच करावी. नॅशनल ट्रस्टच्या जमिनींवर या छंदास सामान्यतः थारा नाही. समुद्रकिनाऱ्याचा भरती-ओहोटीमधला पट्टा बराचसा क्राउन इस्टेट या राजसत्तेच्या मालमत्ता-संस्थेकडे आहे व तेथे धोरण उदार आहे, पण सगळा किनारा त्यांचा नव्हे. आणि लंडनात टेम्सच्या पात्रात उतरून गाळ चाळणाऱ्या मडलार्क मंडळींना, ज्यांचे काम पाहून आपल्याकडच्या सराफकट्ट्यातील झारेकऱ्यांची आठवण व्हावी, बंदर प्राधिकरणाचा परवाना अनिवार्य आहे.

अनुज्ञा मिळवायची कशी, या प्रश्नावर ग्रंथकर्त्यांनी जे लिहिले आहे तो या पुस्तकाचा सर्वोत्तम भाग होय. यंत्र खांद्यावर टाकून शेतकऱ्याच्या दारात उभे राहण्यापेक्षा आधी पत्र धाडावे, मग भेटीस जावे. पेरणीच्या व मेंढ्या विण्याच्या दिवसांत त्यास त्रास देऊ नये, कापणीनंतर शेतात नुसती धसकटे उरली असता जावे. फाटक जसे असेल तसे ठेवावे, खड्डा असा बुजवावा की दुसऱ्या दिवशी जागा दाखविता येऊ नये, आणि सापडलेले गंजके खिळे, शिशाचे तुकडे व फुटलेल्या काडतुसांच्या टोप्या तेथेच न टाकता बरोबर न्याव्यात. यांत नवे काय, असे वाचक म्हणेल. परंतु परमुलखात, परभाषेत, वेगळ्या वर्णाच्या माणसाने एखाद्या अनोळखी शेतकऱ्याचा विश्वास संपादन करणे हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि ते कसे साधले हे मराठीत प्रथमच सांगितले जात आहे. ज्यांना एकट्याने हे जमणार नाही त्यांच्यासाठी मंडळे आहेत. सभासदांना विमा मिळतो, मंडळाने मिळविलेल्या शेतांवर जाता येते, आणि जुनी जाणती माणसे नाद ओळखण्यास शिकवितात. पैसे भरून शेकडो माणसांनी एका शेतावर तुटून पडण्याचे मेळावेही भरतात. नोंदणीची नीट व्यवस्था नसेल तर त्यांतून इतिहासास लाभ थोडा व नासधूस फार, असे माझे मत आहे, आणि या बाबतीत ग्रंथकर्त्यांची सहिष्णुता मला पटत नाही.

या छंदाचा एक निराळाच संप्रदाय आहे, आणि त्याची ओळख करून दिल्याबद्दल ग्रंथकर्त्यांचे विशेष आभार मानले पाहिजेत. हे लोक वस्तूंसाठी नव्हे तर नकाशासाठी यंत्र फिरवितात. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ साली वणवा लागून गवत जळाले, आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी स्वयंसेवकांच्या यंत्रांनी प्रत्येक गोळी व काडतूस जागच्या जागी नोंदून त्या १८७६ च्या लढाईची हालचाल पुन्हा मांडली. जर्मनीत काल्क्रीझ येथे टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यास १९८७ साली रोमन नाणी व पुढे गोफणीचे शिशाचे गोळे सापडले, आणि इसवी सन ९ मधील रोमन सैन्याच्या संहाराचे स्थळ शोधण्याच्या वादास निश्चित वळण लागले. इंग्लंडात सफक परगण्यातील रेन्डलशम येथे रात्रीच्या चोरट्यांना कंटाळलेल्या जमीनमालकाच्या तक्रारीवरून २००८ पासून चार छंदिष्टांनी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे शेते चाळली, आणि बीड या इतिहासकाराने उल्लेखिलेले राजनिवासाचे ठिकाण नकाशावर आले. त्या चौघांनी घरी काही नेले नाही.

आता आपल्या मुलखाविषयी दोन शब्द. निधी सापडल्यास त्याचा वाटा कोणास, हा प्रश्न आपणांस नवा नाही. खाण, रत्न किंवा निधी यांची खबर देणारास षष्ठांश द्यावा, असे कौटिल्याने लिहून ठेवले आहे, आणि तोरण्यावर सापडलेल्या द्रव्यातून राजगड उभारल्याची परंपरागत हकिगत तर आपल्या मुलांनाही ठाऊक असते. आजही लागू असलेल्या १८७८ च्या निधिविषयक कायद्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास वर्दी देणे बंधनकारक आहे, आणि बेवारस ठरल्यास तीन चतुर्थांश शोधणारास व एक चतुर्थांश जमीनमालकास, अशी इंग्लंडातील निम्मेनिम्म प्रघाताहून शोधणारास अधिक अनुकूल वाटणी त्यात सांगितली आहे. तथापि त्यावरून हा छंद येथे मोकळा आहे असे कोणी समजू नये. संरक्षित स्थळी परवान्यावाचून खणता येत नाही, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर कडक निर्बंध घातले आहेत. शिवाय नोंदणीची जी सार्वत्रिक योजना इंग्लंडात छंदिष्ट व विद्वान यांच्यामधला दुवा झाली, तशी आपल्याकडे नाही. आणि तिच्या अभावी यंत्र हे फक्त लुटीचे साधन उरते. २०२५ च्या मार्चमध्ये एका चित्रपटामुळे मोगलांच्या सुवर्णमुद्रांची वावडी उठताच बऱ्हाणपुराजवळ असीरगडच्या पायथ्याची शेते लोकांनी रात्री दिवट्या व यंत्रे घेऊन उकरली, ही गोष्ट ताजी आहे.

आपल्या भूमीने जे दिले ते यंत्राविनाच दिले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपान या राजाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या क्षहरात घराण्याच्या पराभवाची इतकी निर्विवाद साक्ष कोणत्याही शिलालेखाने दिली नसती. पण तो ठेवा विद्वानांच्या दृष्टीस एकत्रित पडला म्हणूनच हे प्रमाण काढता आले. १९७४ साली दायमाबाद येथे झुडुपाची मुळे खणताना एका भिल्ल शेतकऱ्यास काशाचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा ही चार अजोड शिल्पे सापडली. ती शासनाकडे आली म्हणून जगास ठाऊक झाली. असे किती ठेवे सोनाराच्या मुशीत गेले असतील ते सांगता येणार नाही.

ग्रंथकर्त्यांनी आपल्या लिखाणात कोठेही मोठ्या ठेव्याचे आमिष दाखविलेले नाही, हा त्यांचा संयम मला फार मोलाचा वाटतो. उलट पानोपानी ते वाचकास सांगतात की, दिवसभराच्या श्रमाचे फळ बहुधा खिळे, कड्या व एखादे बुताम एवढेच असते, आणि त्या बुतामाचीही नोंद करावी. भाषा काही ठिकाणी इंग्रजी वळणाची झाली आहे, आणि नाणकशास्त्राचा भाग आणखी विस्तृत हवा होता; दुसऱ्या आवृत्तीत हे दोष दूर व्हावेत. ब्रिटनमधील मराठी वाचकांस माझी विनंती एवढीच की, यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या परगण्यातील नोंदणी अधिकाऱ्याची भेट घ्यावी व अनुज्ञापत्राचा जो मसुदा या पुस्तकात दिला आहे तो एखाद्या जमीनमालकापुढे ठेवावा. आणि महाराष्ट्रातील वाचकांस ही की, शेतात नांगराला काही लागले तर ते न हलविता तलाठ्यास व जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, आणि गडकोटांवर हे यंत्र घेऊन कोणीही जाऊ नये.